गळालेल्या चौकटींचा इतिहास



नभोवाणीवरून चित्राविषयी बोलावयाचे म्हणजे डोळ्यांचे काम कानांवर सोपविण्यासारखे आहे. तथापि आजचा विषय वरवर चित्राचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी काळ आणि काळाचा हिशेब आहे. आणि हिशेब ऐकून समजावून घेण्यास कान पुरेसे असतात.

आमच्या शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता पुष्कळ घरी संगणक आले आहेत. मुले त्यांवर खेळ खेळतात आणि खेळलेल्या डावाचे चित्रण करून ठेवतात. ते चित्रण पुन्हा लावून पाहिले म्हणजे एक तक्रार हटकून ऐकू येते. खेळतेवेळी सारे सुरळीत होते; पण चित्रणात भरधाव मोटार मध्येच अडखळते, धावणारा गडी जागच्या जागी थिजतो आणि दुसऱ्याच क्षणी चार पावले पुढे दिसतो. मुले म्हणतात, "फ्रेम ड्रॉप झाल्या." वडीलधाऱ्या मंडळींस वाटते की, नवा आणि महागडा संगणक मागण्याची ही प्रस्तावना आहे. कित्येकदा ती तशी असतेही! परंतु तक्रार मात्र खोटी नव्हे आणि नवीही नव्हे. चलच्चित्राचा जन्म झाला त्या दिवसापासून ही व्याधी त्याच्या पाठीशी लागलेली आहे. तिच्याशी झुंज देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातील, किंबहुना शिराळ्याच्या शेजारच्या कोल्हापुरातील, काही कल्पक माणसांची गणना करावी लागते. म्हणून या व्याधीचा इतिहास प्रथम पाहू व मग उपचाराकडे वळू.

पडद्यावर जे हलताना दिसते ते वस्तुतः हलत नसते. स्थिर चित्रे एकामागून एक झरझर दाखविली की, डोळा आणि मेंदू मिळून त्यांतून गती निर्माण करतात. अशा प्रत्येक स्थिर चित्रास मुले 'फ्रेम' म्हणतात. आपण तिला चौकट म्हणू. चलच्चित्र म्हणजे प्रेक्षकाशी केलेला एक करार आहे. दर सेकंदास अमुक चौकटी टिपीन आणि तितक्याच दाखवीन, असा तो करार. दहा चौकटी टिपावयाच्या असताना आठच टिपल्या गेल्या, तर दोन क्षण जगातून कायमचे नाहीसे झाले. मागाहून त्यांची जागा भरता येते, परंतु ते क्षण परत आणता येत नाहीत.

मूकपटांच्या काळी हा करार पाळण्याची जबाबदारी माणसाच्या हातावर होती. कॅमेऱ्याला एक दांडी असे. तिच्या एका फेऱ्यास सामान्यतः आठ चौकटी सरकत. सेकंदास दोन फेरे धरले म्हणजे सोळा चौकटी झाल्या. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात चौकटीही सोळाच मावत, त्यामुळे हिशेब सोपा होता: एका सेकंदास एक फूट. हजार फुटांचे रीळ म्हणजे सोळा मिनिटे आणि चाळीस सेकंदांचा काळ. पण हात तो हातच. समोर घोडे उधळले की दांडी फिरविणाऱ्याचा हातही नकळत उधळे, आणि दुपारच्या उन्हात तो मंदावे. हात मंदावला की सेकंदास सोळांऐवजी तेरा-चौदा चौकटी टिपल्या जात. पडद्यावर त्या नेहमीच्या वेगाने धावल्या की पात्रे लगबगीने पळताना दिसत. चौकट गळण्याचा हा आद्य प्रकार होय.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे कामही घरीच करावे लागे. अंधाऱ्या खोलीत चालणाऱ्या या कष्टाच्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. ही भोके म्हणजे शोभेची बाब नव्हे. कॅमेऱ्यातील नखी त्या भोकांत अडकून फिल्म खाली ओढते, क्षणभर स्थिर ठेवते, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत येतो आणि पुन्हा फिल्म सरकते. भोक वेडेवाकडे पडले किंवा फाटले, तर नखी निसटते व चित्र उडी मारते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्यामागे अशा असंख्य भोकांची निमूट मोजदाद होती.

याच फाळक्यांनी त्याआधी एक लहानसा प्रयोग केला होता आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार बोलका आहे. कुंडीत वाटाणे पेरून त्यांनी समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ, थोड्या थोड्या अवधीने एकेक चौकट टिपीत, अंकुर फुटल्यापासून वेल चढेपर्यंतची सारी वाढ चित्रित केली. 'अंकुराची वाढ' या नावाचा तो पट मिनिटाहून किंचित अधिक लांबीचा होता. सेकंदास सोळा चौकटींच्या मानाने पाहता महिन्याभराचे जीवन सुमारे हजार चौकटींत सामावले. म्हणजे मधल्या लक्षावधी चौकटी फाळक्यांनी सोडून दिल्या होत्या. तरीही पाहणाऱ्यास फसवणूक वाटली नाही, उलट साक्षात्कार झाल्यासारखे वाटले. याचे कारण उघड आहे. त्या चौकटी जाणूनबुजून, ठराविक अंतराने सोडलेल्या होत्या. सोडलेली चौकट आणि गळालेली चौकट यांत जो भेद आहे, तो उपवास आणि उपासमार यांतील भेदासारखा आहे. पहिलीचा हिशेब असतो, दुसरीचा नसतो.

कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री, ज्यांस आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. परंतु बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्यासारख्या शिष्यांच्या साहाय्याने ते काम १९१८ च्या सुमारास तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. परदेशी यंत्र विकत घेऊन चालविणे निराळे आणि फिल्म ओढणारी नखी व झडप यांचा मेळ स्वतः जुळविणे निराळे. झडप मिटलेली असताना फिल्म सरकली पाहिजे आणि झडप उघडताना ती ठार स्थिर असली पाहिजे. या दोहोंत केसभर अंतर पडले, तर चित्र पुसट होते. क्षणाचे काम क्षणातच संपले पाहिजे, हा यंत्रशास्त्राचा धडा त्या मंडळींनी लोखंडावर हात झिजवून गिरविला.

पुढे बोलपट आला आणि हाताची सद्दी संपली. प्रतिमा थोडी लगबगीने धावली तर डोळा क्षमा करतो, पण स्वर किंचित चढला वा उतरला तर कान क्षमा करीत नाही. त्यामुळे दांडीच्या जागी विजेची मोटर आली आणि सेकंदास चोवीस चौकटी हे प्रमाण स्थिर झाले. 'आलम आरा' १९३१ साली आला. प्रभातने कोल्हापुरात निर्मिलेला 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट १९३२ साली आला. या चोवीस चौकटींच्या राज्यात जुन्या मूकपटांची मात्र विटंबना झाली. सोळाच्या वेगाने टिपलेली चित्रे चोवीसच्या वेगाने धावू लागली व आपले पूर्वज बाहुल्यांसारखे तुरुतुरु चालताना दिसू लागले. त्यावर तोड म्हणून पुढे एकाआड एक चौकट दोनदा छापण्याची युक्ती निघाली; सोळांच्या चोवीस झाल्या, परंतु चाल ठेचकाळत राहिली.

ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे. १९३० सालच्या दांडीयात्रेची चित्रफीत आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिली असेल. गांधीजी मुळातच झपाट्याने चालत असत, हे त्यांच्या सहवासातील लोकांनी सांगून ठेवले आहे. पण पडद्यावर दिसणाऱ्या त्या वेगात महात्म्याचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे केवळ पाहून कोणास सांगता येईल? चौकटींचा हिशेब सुटला की साक्षच संशयित होते. आमच्या शिराळ्याचेच उदाहरण घ्या. येथील नागपंचमी सर्वत्र प्रसिद्ध होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांची मिरवणूक व त्यांचे खेळ पूर्वीच्या स्वरूपात उरले नाहीत, आणि त्या मुक्या जिवांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु ती जुनी रीत कशी होती, हे पुढील पिढ्यांनी पाहावयाचे तर चित्रणांतूनच. नागाने फणा उभारून मान वळविली, हे क्षणार्धाचे काम. नेमक्या त्या क्षणाच्या चौकटी गळाल्या असतील, तर अभ्यासकाच्या हाती अलीकडचा नाग आणि पलीकडचा नाग लागेल, मधली हालचाल लागणार नाही.

आता संगणकाकडे येऊ. चित्रपटात देखावा समोर आयता उभा असतो, कॅमेऱ्याने तो टिपावयाचा एवढेच. संगणकावरील खेळात देखावा आयता नसतोच. खेळणाऱ्याने बटण दाबले की पुढील चौकट त्या क्षणी गणित करून निर्माण करावी लागते. आजकाल सेकंदास साठ चौकटी हे सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे एका चौकटीच्या वाट्यास सेकंदाचा साठावा भाग, सुमारे सोळा-सतरा मिलिसेकंद येतो. चित्रण करावयाचे तर तेवढ्याच अवधीत आणखी तीन कामे उरकावी लागतात: तयार चौकटीची नक्कल घेणे, ती आवळून लहान करणे आणि डिस्कवर लिहिणे. यांपैकी एकास जरी उशीर झाला, तरी पुढची चौकट दारात येऊन उभी राहते व कोणीतरी गळते.

आवळण्याची गरज काय, असे कोणी विचारील. १९२० आडवे आणि १०८० उभे बिंदू असलेल्या चौकटीत प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले, तर एक चौकट सुमारे ६२ लाख बाइटांची होते. साठ चौकटींच्या वेगाने सेकंदास ३७ कोटी, आणि तासास सुमारे १ लाख ३४ हजार कोटी बाइट. एक टेराबाइटची डिस्क तासभरही पुरणार नाही. आणि जुन्या फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदास साधारण दहा-पंधरा कोटी बाइट लिहिताना दमून जाते.

खेळांच्या चित्रणाचा इतिहास म्हणजे या अडचणीने आपली जागा कशी बदलली याचाच इतिहास आहे. १९९३ सालच्या 'डूम' या खेळाने चौकटी टिपण्याचे टाळूनच मार्ग काढला. तो सेकंदाचे पस्तीस भाग करी आणि प्रत्येक भागात खेळाडूने कोणती कळ दाबली एवढेच लिहून ठेवी. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत बुद्धिबळाच्या डावाची नोंद पुष्कळांस परिचित आहे. चाली लिहिलेल्या असल्या की पट मांडून सारा डाव पुन्हा उभा करता येतो. तीच ही युक्ती. चौकट गळण्याचा प्रश्नच नाही, कारण चौकट टिपलेलीच नाही. उणीव इतकीच की, तो खेळ आणि त्याची तीच आवृत्ती हाताशी नसेल, तर नोंद मुकी राहते.

१९९९ साली 'फ्रॅप्स' हे साधन आले. ते चौकटी अल्पशाच आवळून भराभर डिस्कवर टाकी. साहजिकच चौकटी डिस्कच्या दारात गळत. २००३ साली एच-२६४ हे आवळण्याचे प्रमाण ठरले. त्याचे तत्त्व असे की, मागील चौकटीहून जे बदलले तेवढेच लिहावयाचे. डिस्कवरील ओझे उतरले, पण बदल शोधण्याचे कष्ट प्रोसेसरवर पडले. आणि खेळालाही तोच प्रोसेसर हवा असल्यामुळे चौकटी आता तेथे गळू लागल्या. २०११ साली इंटेलने आणि २०१२ साली एनव्हिडियाने आवळण्यासाठी चिपमध्येच स्वतंत्र यंत्रणा बसविली. प्रोसेसरला उसंत मिळाली. तेव्हा अडचण ग्राफिक्स कार्डाकडे सरकली. खेळच कार्डाची सारी शक्ती खाऊ लागला, तर नक्कल घेण्यास त्यास सवड राहत नाही. तात्पर्य, चौकट त्या त्या काळच्या सर्वांत अरुंद दारात गळते. एक दार रुंद केले की दुसरे अरुंद ठरते. म्हणूनच सरसकट नवा संगणक घेणे हे औषध नव्हे. आधी आपले अरुंद दार कोणते, ते शोधावे.

सुदैवाने आज त्याची मोजदाद यंत्रच करते. २०१२ साली सुरू झालेले 'ओबीएस' हे साधन विनामूल्य आहे. त्याच्या 'स्टॅट्स' या तक्त्यात निरनिराळे आकडे असतात. 'रेंडरिंग लॅग'मुळे चुकलेल्या चौकटी वाढत असतील, तर ग्राफिक्स कार्ड थकले आहे असे समजावे. खेळाचा वेग साठ चौकटींवर बांधून घालावा, छाया व प्रतिबिंबांची चैन कमी करावी. विंडोजवर ओबीएस 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालविल्यास कार्डाकडे त्यास अग्रक्रम मिळतो. 'एन्कोडिंग लॅग'मुळे सुटलेल्या चौकटी वाढत असतील, तर आवळण्याचे काम जड होत आहे. ते चिपमधील स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवावे. ती नसेल तर आवळण्याची हलकी पायरी निवडावी, किंवा चित्राचा आकार १२८० बाय ७२० करावा. नुसत्या 'ड्रॉप्ड' चौकटींचा आकडा मात्र इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी आहे. तो जाळ्याचा दोष दाखवितो, घरी साठविलेल्या चित्रणाशी त्याचा संबंध नाही.

आकडे शून्यावर असूनही चित्रण ठेचकाळत असेल, तर अन्य कारणे पाहावीत. खेळ स्वतःच साठ चौकटी निर्माण करू शकत नसेल, तर चित्रण करणारा बिचारा जुनीच चौकट पुन्हा लिहितो. पडदा सेकंदास १४४ वेळा बदलणारा आणि चित्रण साठाचे असेल, तर १४४ ला साठाने नेमका भाग जात नाही. त्यामुळे कधी एक सोडून, कधी दोन सोडून चौकट उचलली जाते व चाल विषम होते. लॅपटॉप बॅटरीवर असला की तो स्वतःचा वेग आवरतो. आपल्याकडील वैशाखात तो तापला की विजेवर असतानाही आवरतो. पहिली दहा मिनिटे चित्रण निर्दोष आणि पुढे बिघाड, हे तापण्याचे ठळक लक्षण होय. चित्रण शक्यतो फिरत्या तबकडीवर न करता एसएसडीवर करावे. फाइल 'एमकेव्ही' स्वरूपात ठेवावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तोवरचे हाती राहते. आणि शाळेतील प्रयोगवहीचा जो नियम, तोच येथे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, पाच मिनिटे चित्रण करावे, आकडे वहीत उतरून घ्यावेत. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याचा दोष कधी कधी जातो खरा, पण कशामुळे गेला हे त्यास कळत नाही आणि पुढील महिन्यात तो पुन्हा तेथेच येतो.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, चौकटी निवांत प्रसंगी क्वचितच गळतात. मोकळ्या माळावर गडी उभा आहे, तेव्हा मागच्या चौकटीहून पुढची फारशी निराळी नसते व सारे सुरळीत चालते. पण पाऊस कोसळतो, पाने सळसळतात, दहा शत्रू एकदम धावून येतात, तेव्हा खेळाला सर्वांत अधिक गणित, कार्डाला सर्वांत अधिक रंगकाम आणि आवळणाऱ्याला सर्वांत अधिक बदल मोजावे लागतात. म्हणजे नोंद नेमकी तेव्हा दगा देते, जेव्हा नोंदण्याजोगे काही घडत असते. मुलाच्या दृष्टीने तो क्षण महिनाभराच्या सरावाचे फळ असतो. उद्या हाच मुलगा याच साधनाने एखादा गणिताचा पाठ, आजीने सांगितलेली हकीकत किंवा गावातील एखादा लोपत चाललेला सोहळा टिपून ठेवील. खेळात लागलेली हिशेबाची सवय त्या वेळी त्याच्या कामास येईल.

'राजा हरिश्चंद्र'ची आज पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे उपलब्ध आहेत. तीही १९१७ सालच्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही इतिहासकार मानतात. त्या काळचे बहुसंख्य मूकपट समूळ नष्ट झाले. जे निष्काळजीपणाने नष्ट झाले त्याचे आपण आज हळहळून स्मरण करतो. आजच्या यंत्रांत मात्र किती चौकटी गळाल्या, हे त्याच क्षणी आकड्यांत समोर दिसते. फाळक्यांना आणि पेंटरांना ही सोय नव्हती. तेव्हा घरातील मुलगा चित्रण अडखळल्याची तक्रार घेऊन आला, तर त्यास रागावण्यापूर्वी अथवा बाजाराची वाट धरण्यापूर्वी, "आकडा किती आणि तो कोणत्या रकान्यातला?" एवढे त्यास अवश्य विचारावे.